गल्लीचा आकडा

सोमवारी सकाळी साडेसहाला सारिका म्हेत्रेनं टॅबवर गल्लीचा आकडा बघितला आणि हातातला चहा न पिताच कट्ट्यावर ठेवून दिला. जिव्हेश्वर गल्ली, एकाहत्तर. शनिवारी तो तीन होता, रविवारी चार. इचलकरंजीत घशाची साथ तिसऱ्यांदा उसळली होती, आजूबाजूच्या गल्ल्यांचे आकडे साठ-सत्तरीत लोळत होते, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध ही एकतीस घरांची गल्ली महिनाभर निर्धास्त बसली होती. आता तिचीही पाळी आली असं दिसत होतं.

सारिका या गल्लीची सून आणि याच गल्लीची आशा सेविका. नवरा माग बसवायच्या कामावर तमिळनाडूत गेलेला, तो तिकडंच अडकला. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. म्हणजे घरात एकटीच, आणि घराबाहेर सगळ्या वॉर्डाची. आकडा वाढला की लोक तिच्याकडे अशा नजरेनं बघायचे, जसा काही तो तिनंच हातानं चढवलाय.

हा आकडा यायचा कुठून ते सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी सगळ्या घरांचं सांडपाणी एका चेंबरमध्ये येतं आणि पुढं मोठ्या गटाराला मिळतं. त्या चेंबरच्या झाकणाखाली जेवणाच्या थर्मासएवढं एक यंत्र टांगलेलं होतं. आजारी माणसाच्या थुंकीतून, चूळ भरलेल्या पाण्यातून, शौचातून विषाणू बाहेर पडतात, आणि ताप यायच्या चार-पाच दिवस आधीपासूनच पडायला लागतात. विषाणू म्हणजे तरी काय, कवचात गुंडाळलेला एक सूक्ष्म धागा. प्रत्येक जातीच्या विषाणूचा धागा वेगळा. यंत्रातल्या द्रावणात अशी प्रथिनं होती की ती या साथीचा नेमका धागा ओळखायची आणि तो सापडला की चमकायची. यंत्र दर तासाला त्या चमका मोजायचं आणि सकाळी आदल्या दिवसाची सरासरी काढून पाठवायचं. कोण आजारी आहे हे त्याला सांगता येत नसे, पण गल्लीत कुणीतरी आजारी पडणार आहे हे ते त्या माणसाला कळायच्या आधीच सांगून मोकळं व्हायचं.

सरकारी कागदावर त्याचं नाव गल्ली-मापक. गल्लीनं त्याचं नाव जावई ठेवलं. नुसतं बसून असायचं, सगळ्या घरांमधलं त्याला कळायचं, आणि काही झालं तरी त्याचा मान ठेवावा लागायचा.

पहिल्या दोन उसळ्यांत जावयानं खरोखर माणसं वाचवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांत चांगलीच चूडही लावली. कोण सारखं गुळण्या करतंय, कुणाच्या मोरीत सकाळपासून पाणी चाललंय, यावर लोक कान लावून बसायला लागले. पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब आपल्या गल्लीचा आकडा वाढू नये म्हणून चार दिवस अंघोळीला मेहुण्याच्या घरी जात राहिलं आणि मेहुण्याची गल्ली लाल झाली. ती दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

नियम असा होता की आकडा सलग तीन दिवस चाळीसच्या वर राहिला की गल्ली सात दिवस बंद. दुसऱ्या एखाद्या गल्लीला ते सोसलं असतं. जिव्हेश्वर गल्ली बंद झाली, तर इंदाक्काचं स्वयंपाकघर बंद होणार होतं. सारिकाचा चहा गार झाला तो त्या विचारानं.

इंदाक्का म्हणजे इंदुमती म्हेत्रे, सारिकाची सासू. घराला लागून असलेल्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याचे चार माग होते. नवरा गेला, मागांना काम राहिलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ते मोडीत काढायचं ठरलं. ठरवलं सारिकानं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून, पण आईला सांगायचं काम त्यानं सारिकावर ढकललं. त्या दिवसापासून इंदाक्का सुनेशी कामापुरतं बोलायची. मीठ दे, दार लाव, कोण आलंय. उरलेला वेळ ती शेडच्या बंद दाराकडं तोंड करून कॉटवर बसून काढायची. सारिकानं दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी तिला कूस बदललेली पाठ बघायला मिळाली.

मग तिसरी उसळी आली. घरात अडकलेल्या आजारी माणसांसाठी स्वयंपाक करायला प्रत्येक वॉर्डानं पाच जागा शोधाव्यात, असं आरोग्य केंद्रातून सांगणं आलं. सारिकानं सासूला न विचारता शेडचं नाव देऊन टाकलं आणि घरी येऊन तिला तसं सांगितलं. इंदाक्कानं सगळं ऐकून घेतलं, कॉटवरून उठली, पदर खोचला आणि विचारलं, "किती माणसांचं करायचं?"

महिन्याभरात ती संख्या दोनशेवर गेली. नऊ बायका शेडमध्येच मुक्कामाला, कारण स्वयंपाक करणाऱ्यांनी घरी ये-जा करायची नाही असा नियम होता. इंदाक्का त्यांच्यातलीच एक आणि त्यांची मुकादम. ती हसायला लागली, ओरडायला लागली, सारिका सामान घेऊन फाटकाशी आली की दहा फुटांवरून तिच्याशी बोलायला लागली. सारिकाला आपली सासू नव्यानं भेटली होती. स्वयंपाकघर बंद पडलं, तर ही बाई पुन्हा त्या कॉटवर जाऊन बसेल, याची तिला मनापासून भीती वाटत होती.

वॉर्डाच्या आरोग्य अधिकारी डॉ. नर्गिस शिकलगार यांचा फोन सातच्या आत आला. बाई कामाला वाघ, बोलण्यात काटकसर.

"आकडा बघितलात?"

"बघितला मॅडम."

"आज सगळी गल्ली तपासा. शेडमधल्या नऊजणींसकट. दोन ऑक्सिजन मशीनं तुमच्या समाजमंदिरात पाठवतेय. एकाहत्तर म्हणजे सात-आठ माणसं पडणार, मशीन हाताशी असलेलं बरं."

सारिका दिवसभर काडी घेऊन एकेक नाक तपासत फिरली. आधी शेड केली, मग घरं. कोपऱ्यावरच्या पोपटरावांनी नाक पुढं करायच्या आधी मत पुढं केलं.

"माझं ऐका वहिनी, शेडमधनंच आलंय ते. नऊ बायका एका जागी बसल्यावर दुसरं काय हुनार?"

"त्या नऊच्या नऊ निगेटिव्ह आहेत काका. तुम्ही मान वर करा."

संध्याकाळपर्यंत एकशे अठरा नाकं झाली. एकशे अठरा निगेटिव्ह. पोपटरावांसकट.

मंगळवारी आकडा अठ्ठ्याहत्तर आला.

आता सारिकाचं डोकं चालेना. जावई खोटं बोलत नाही, आणि काडीही एकशे अठरा वेळा खोटं बोलणार नाही. ती पायरीवर बसली आणि नुसती सरासरी बघायचं सोडून तासातासाचे आकडे चाळायला लागली. रात्र जवळजवळ शून्य. सकाळी थोडीशी हालचाल. दुपारी दोन ते चार आकडा एकदम सहाशेच्या घरात, आणि पाचला पुन्हा खाली. रविवारी तसंच, सोमवारी तसंच. आजारी माणसं काही ठरवून दुपारी दोनला एकदम चूळ भरत नाहीत. दोन ते चार या वेळात गल्लीत फक्त शेडमध्ये काम चालतं.

दोनला पाच मिनिटं असताना ती मागच्या बोळातून शेडच्या परसात शिरली, आणि मास्क नाकावर दाबून फाटकापाशीच थांबली.

परसात स्टीलचे डबे रचलेले होते. शे-सव्वाशे तरी असतील. चुलीवरच्या हंड्यात पाणी खळखळत होतं. मालन टकले, इंदाक्काचा उजवा हात, काथ्या आणि साबण घेऊन बसली होती, आणि इंदाक्का चिमट्यानं एकेक डबा हंड्यात सोडायच्या तयारीत उभी होती.

"हे काय आहे आत्ती?"

इंदाक्का दचकली नाही. "डबं हायत. दिसत न्हाईत व्हय?"

"कुणाचे?"

"आजाऱ्यांचं. कुनाचं असनार?"

सारिकाच्या डोक्यात तिडीक गेली. स्वयंपाकघर सुरू झालं त्या दिवशी याच परसात उभं राहून तिनं सूचनापत्रक मोठ्यानं वाचलं होतं. कलम चार : जेवण एकदाच वापरायच्या पाकिटातूनच द्यावं, आजारी घरातून कुठलीही वस्तू परत घेऊ नये. इंदाक्कानं तेव्हा मान हलवली होती. समोरून पाकिटं भरलेली रिक्षा जाताना सारिका रोज बघायची. रविवारपासून मागच्या बाजूनं दुसरी रिक्षा निघत होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

"मी वाचून दाखवलं होतं ना तुम्हाला?"

"दाखवलं हुतंस की. म्हनून तर पानी उकळतोय. हातात मोजं हायत, तोंडाला फडकं हाय." इंदाक्कानं चिमटा खाली ठेवला. "पाकिटातला भात पोचेपतूर दगड हुतोय, शैला—" इथं ती थांबली. रागात असली की ती अजूनही आपल्या लेकीचं नाव सुनेला लावायची. "सारिका. आजारी मानसाच्या घशाखाली उतरतोय व्हय त्यो? आनि पाकीट परत येत न्हाई. त्येनं खाल्लं का उकिरड्यावर टाकलं, मला कसं कळावं? डबा परत आला की कळतंय."

"काय कळतं?"

"हितं ये. न्हाई, तिथंच थांब, तिथनं बघ." तिनं बाजूला ठेवलेला एक डबा वर धरला. झाकणावर रंगानं सहा लिहिलं होतं. "सुतारमळ्यातली एकटी म्हातारी. परवा समदं खाल्लं. काल निम्मं. आज सकाळची पेज तशीच, झाकनसुदिक उघडलं न्हाई. मी रिक्षावाल्याला तिथनंच डॉक्टरनीला फोन लावाय सांगितला. दम लागला हुता म्हातारीला. घिऊन गेल्यात."

 सारिकाचं लक्ष परसाच्या कठड्यावर गेलं होतं. तिथं जुन्या वर्तमानपत्रावर गुळाचे खडे, ओंजळभर शेंगा, दोन लिंबं, साखरेच्या पुड्या, एक सुपारी असं काय काय मांडलेलं होतं.

"आणि हे?"

मालननं उत्तर दिलं. "डबा रिकामा कसा धाडायचा म्हनून घालत्यात बायका. तापानं फणफणल्यात, तरी घालत्यात. आमी खात न्हाई वहिनी. समदं पुरून टाकतोय."

"आमाला कळतंय तेवढं," इंदाक्का म्हणाली. "पर धाडलं की त्येंनी."

या गावात शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. सारिकानंही जन्मात कधी केला नव्हता. आणि ज्यानं कुणी कलम चार लिहिलं, त्याला हे बहुधा कुणी सांगितलेलं नसणार. तिचा राग एकदम उतरला नाही, पण त्याला आता बसायला जागा राहिली नाही.

मग तिला आकड्याचा उलगडा झाला. उकळतं पाणी आणि साबण यांनी विषाणू मरतो, यात शंका नाही. धुतलेल्या त्या पाण्यानं कुणाला काही होणार नव्हतं. पण मेला तरी त्याच्या धाग्याचे तुकडे पाण्यात राहतात, ते पाणी मोरीतून चेंबरला जातं, आणि जावयाला जिवंत-मेलेलं कळत नाही. त्याला फक्त धागा कळतो. अख्ख्या वॉर्डाचं दुखणं डब्यांना लागून या गल्लीच्या गटारात येत होतं.

तिनं हे सासूला सांगितलं. इंदाक्कानं आयुष्यभर सुतात काम केलेलं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हंजे कापड फाटलं तरी सूत ते सूतच. त्येचं मशीन चिंध्या मोजतंय."

"चिंध्याच मोजतंय."

"मग आजपास्नं पानी मोरीत सोडत न्हाई. मागं खड्डा काढतो, त्यात वततो. आकडा आपोआप उतरंल. कुनाला काय सांगायची गरज न्हाई."

सारिकालाही क्षणभर हेच वाटलं होतं. काही न बोलता सगळं जागच्या जागी बसत होतं. पण तिचं लक्ष पुन्हा त्या सहा नंबरच्या डब्यावर गेलं.

"आत्ती, काल समाजमंदिरात दोन ऑक्सिजन मशीनं आली. आपला आकडा बघून आली. गल्लीत एक माणूस आजारी नाही, आणि मशीनं तिथं पडून आहेत. ती कुठून काढून आणली, ठाऊक आहे? सुतारमळ्यातून."

 मालननं काथ्या बादलीत टाकला. इंदाक्कानं सहा नंबरचा डबा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

"लाव फोन," ती म्हणाली. "आनि माजं नाव सांग. समद्यांचं सांगू नगंस. माजं एकटीचं."

सारिकानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं सरळ सांगितलं, नावासकट. डॉ. शिकलगारांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तरी हाक मारून मशीनं ताबडतोब सुतारमळ्यात परत न्यायला सांगितली. मग त्या फोनवर आल्या.

"कलम चार तुम्हीच वाचून दाखवलं होतंत ना?"

"हो मॅडम."

"नियमानं मी हे आत्ताच बंद करायला हवं."

"मॅडम," इंदाक्का लांबूनच म्हणाली, "सा लंबरची म्हातारी कशी हाय?"

डॉक्टरबाईंनी उलट विचारलं, "तो फोन तुम्ही करायला लावला होता?"

"मी न्हाई. तिचा डबा परत आला हुता."

डॉक्टरबाईंनी एक श्वास सोडला तो इकडं ऐकू आला. "बऱ्या आहेत त्या. वेळेत आल्या. आता ऐका. आज धुतलेलं सगळं पाणी पिंपात. पिंपात ब्लीचिंग पावडर, अर्धा तास थांबायचं, मग लांब खड्ड्यात. मोरीत थेंब जाता कामा नये. उद्या तिसरा दिवस. आकडा चाळीसच्या खाली आला, तर मी अकराला येऊन तुमचे डबे बघेन. वर राहिला, तर कुलूप लावायला येईन."

बुधवारी सकाळी आकडा नऊ आला.

सारिकाला हसूच फुटलं. तिनं शेडला फोन करून सांगितलं, तर पलीकडं नऊ बायकांनी असा काही कल्ला केला की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग तिनं सवयीनं तासातासाचे आकडे उघडले. दुपार अगदी शांत होती. संध्याकाळी एक उंचवटा होता, आणि पहाटे पाच ते सहा एक, त्याहून ठळक. शनिवारचे, रविवारचे तीन-चार म्हणजे कुठल्याही गटारात असतो तेवढा कचरा. हा कचरा नव्हता. डब्यांचं पाणी बाजूला झालं होतं, आणि त्या गदारोळात दोन दिवस झाकली गेलेली एक बारीक खूण आता स्वच्छ दिसायला लागली होती.

डॉ. शिकलगारांनीही ती बघितली होती. "नऊ म्हणजे एक माणूस, सारिकाताई. एकच. तुम्ही एकशे अठरा तपासलेत. यादीत गल्लीची माणसं किती?"

सारिकानं यादी उघडली. एकशे एकोणीस.

ती घर मोजत गेली, माणूस मोजत गेली. तान्ह्या बाळापासून पोपटरावांपर्यंत सगळ्यांपुढं खूण होती. म्हेत्रेंच्या घरापुढं इंदुमती, शेडमध्ये, निगेटिव्ह. त्याच्या खाली एक नाव बिनखुणेचं होतं. पहाटे पाचला उठून अंघोळ करणारं या गल्लीत सध्या एकच माणूस होतं, आणि कालपासून जरा घसा खवखवतोय, तो बोलून बोलून खवखवत असेल, असं त्या माणसानं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"मी दहा मिनिटांत फोन करते मॅडम," ती म्हणाली.

काडीवर दोन रेघा उमटायला दहा मिनिटं लागली नाहीत.

सारिका खुर्चीत बसली. परवा तिनं शेडमधल्या नऊजणींच्या नाकात काडी घातली होती, आणि काल दुपारी ती परसाच्या फाटकापाशी अर्धा तास उभी होती. मास्क होता, उघड्यावर होती, दहा फूट अंतर होतं, पण होती. आरोग्य सेविकेलाच लागण झालीय आणि ती स्वयंपाकघरात जाऊन आलीय, हे कळल्यावर कुठला अधिकारी शेड चालू ठेवेल? डॉक्टरबाई अकराला येणार होत्या. एक दिवस, फक्त एक दिवस गप्प बसलं, ठीक आहे मॅडम, निगेटिव्ह आहे म्हटलं, खोलीत बसून राहिलं, तर सगळं निभावणार होतं. उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिनं हा विचार केला, आणि थोडाथोडका नाही, चांगली पाच मिनिटं केला. रोज शंभर दारांत उभं राहून 'लपवू नका, लपवल्यानं वाढतं' म्हणणाऱ्या बाईला आपल्याच घरात बसून हे सुचावं, याची तिला लाज वाटली.

तिनं आधी सासूला फोन लावला. डॉक्टरबाईंकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. पहिल्या वेळी माग मोडायचं सांगितलं तेव्हा पाठ फिरली होती. या वेळी तर फोन होता, पाठ दिसणारही नव्हती.

"आत्ती, मला झालंय."

पलीकडं भांड्यांचा आवाज होता. तो थांबला.

"काल मी परसात आले होते. आता शेड बंद करतील. माझ्यामुळं. मी तुम्हाला—"

"ताप किती हाय?"

"शेड बंद होईल आत्ती."

"मी काय इचारलं? ताप किती हाय?"

सारिकानं ताप मोजलाच नव्हता. तिनं थर्मामीटर शोधून लावला, फोन कानाला तसाच ठेवून. एकशे एक पॉइंट दोन. तो आकडा सांगताना तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"आदी पानी पी," इंदाक्का म्हणाली. "मग डॉक्टरनीला सांग."

डॉ. शिकलगार अकराला आल्या त्या स्वतः काड्या घेऊनच. नऊ बायकांची नाकं पुन्हा तपासली, नऊही निगेटिव्ह. फाटकापासून चुलीपर्यंतचं अंतर त्यांनी पावलांनी मोजलं, खड्डा बघितला, पिंप हुंगून बघितलं. मग कट्ट्यावर बसून दोन कागद लिहिले. पहिला : शेड चालू राहील, बायकांची तपासणी पाच दिवस रोज होईल. दुसरा जरा मोठा होता. डबे वापरायला हरकत नाही, पाणी उकळतं, धुणं पिंपात, आणि कुठला डबा भरलेला परत आला ते रोज दुपारी तीनच्या आत केंद्राला कळवावं. वॉर्डातल्या बाकीच्या चार स्वयंपाकघरांनाही हाच कागद जाणार होता. कलम चार त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडलं.

"मॅडम," इंदाक्का म्हणाली, "मी हितनं भाईर पडल्यावर मला परत कवा घेशीला?"

"सात दिवसांनी. आजारी माणसाच्या घरात राहिलात, तर त्याहून जास्त." बाईंना वाटलं, म्हातारीला नीट कळलं नसावं, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "आजी, आकडे उतरायला लागलेत. तुम्ही परत येईपर्यंत साथ ओसरलेली असेल, स्वयंपाकघरच राहिलेलं नसेल."

"कळलं की."

इंदाक्कानं हातातला मोठा डाव मालनच्या हातात दिला. आमटीला पाणी कधी घालायचं, भात किती वाफेवर उतरायचा, कोणत्या तीन डब्यांत मिरची घालायची नाही, एवढं सांगितलं. मग चपला शोधल्या आणि शेडचं फाटक उघडून महिन्याभरानं पहिल्यांदा गल्लीत पाऊल टाकलं. घर चाळीस पावलांवर होतं.

सारिका माडीवरच्या खोलीत पडून होती. खाली कडी वाजली, मग पावलं, मग डबे उघडझाप केल्याचा आवाज. तिनं घाबरून फोन लावला.

"आत्ती, तुम्ही का आलात? आता तुम्हाला परत जाता येणार नाही."

"मी खालीच हाय. वर येत न्हाई. खिडक्या उघड्या हायत, तोंडाला बांधलंय. तूच लिहिलंयस न्हवं त्या कागदावर, आजारी मानसानं एकटं ऱ्हावं पन एकटं पडू ने म्हनून?"

"ते सूचनापत्रक सरकारनं लिहिलंय."

"वाचलंस तर तूच."

तासाभरानं जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट आलं. इंदाक्का ते ठेवून दहा पायऱ्या उतरून खाली जाऊन बसली, तेव्हा सारिकानं दार उघडलं. गरम भाकरी आणि पिठलं. पिठलं वेगळ्या पातेल्यात होतं, आणि ते पातेलं पंधरा माणसांना पुरेल एवढं भरलेलं होतं.

"एवढं कुणासाठी केलंत?"

खालून जरा ओशाळा आवाज आला. "हात बसलाय न्हवं दोनशे मानसांवर. कमी कसं करत्यात, तेच इसरलंय."

सारिका दारातच बसून जेवायला लागली. घसा सोलवटलेला होता, प्रत्येक घास टोचत होता, तरी तिला थांबवेना. दोन वर्षं एका घरात राहून त्यांनी एकमेकींशी जेवढं बोलणं केलं नसेल, तेवढं त्या जिन्यावर बसून झालं. मुलीचा फोन येतो का, तमिळनाडूत पोराला भाकरी मिळत असेल का, पोपटरावांनी काडीपुढं कशी मान वर केली. भाकरी संपत आली तेव्हा खाली इंदाक्काचा फोन वाजला. मालन होती, तिचा आवाज जिन्याच्या वरपर्यंत येत होता. आमटी खारट झाली होती, दोनशे माणसांची, आणि रिक्षा दारात उभी होती.

"अगं, चार बटाटं टाक नाहीतर पानी वाढीव," इंदाक्का म्हणाली. "तुजं तू बघ आता, मालन. मला हितं मानूस हाय."